कोनीकडचं पोसोले

मी कोनीला पहिल्यांदा पाहिलं ते आयर्लंडमधल्या स्लायगो गावच्या एका खाटकाच्या दुकानात, आणि तेव्हा ती डुकराच्या कानांवरून भांडत होती. काउंटरवर पांढऱ्या कागदात डुकराचं अख्खं डोकं ठेवलेलं. समोर पाच फुटांच्या आतली, सावळी बाई. अंगात इस्पितळाच्या किचनचा निळा झगा आणि वर नवऱ्याचा असावा असा ढगळ कोट. डुकराच्या डोक्याला कान नव्हते. खाटीक तिला समजावत होता, की डोकंच हल्ली कोणी मागत नाही, हेसुद्धा खास तुझ्यासाठी बाजूला ठेवलं, तर कानांचं काय घेऊन बसलीस. ती एवढंच म्हणाली, "डुक्कर कानांसकट जन्मलं होतं ना? मग शोध." तो खरोखरच आत गेला आणि कान घेऊन आला.

रांगेत तिच्या मागे मी होते. मला हसू आलेलं तिने काउंटरच्या काचेत पाहिलं असावं. वळून तिने विचारलं, तुमच्या देशात डोकं खात नाहीत का? मी म्हटलं, खातात, बोकडाचं, त्याला मुंडी म्हणतात. तिने ती कशी करतात ते विचारलं. मग मी तिथेच उभ्या उभ्या, फलटणला माझे मामा मुंडी आधी जाळावर कशी भाजून घ्यायचे, मग कांदा-खोबऱ्याचं वाटण कसं लावायचे, ते सांगितलं. माझ्या इंग्रजीत आणि तिच्या इंग्रजीत बरंच सांडलं असेल, पण पेशंटचे नातेवाईक औषधाच्या वेळा ऐकतात तसं तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी पिशवी उचलत म्हणाली, "रविवारी ये." पत्ता तिने मटणाच्या कागदाच्या कोपऱ्यावर लिहून दिला.

मी तेव्हा स्लायगोच्या मोठ्या इस्पितळात, लहान मुलांच्या विभागात ज्युनियर डॉक्टर होते. दोन हजार सालचा शेवट होता. माझा नवरा समीर डब्लिनजवळ स्वोर्ड्सला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. आमची भेट शनिवार-रविवारी, तीही माझी ड्यूटी नसेल तर. आणि आमची अडीच वर्षांची इरा पुण्याला माझ्या सासूबाईंकडे. माझी परीक्षा होईपर्यंत, म्हणजे साधारण दोन वर्षं, तिने तिकडेच राहायचं असा बेत होता. तो आम्ही सगळ्यांनी बसून, नीट विचार करून केला होता, आणि कोणी विचारलं तर मी तो न अडखळता सांगत असे.

कोनी मूळची मेक्सिकोची, आमच्याच इस्पितळाच्या किचनमध्ये कामाला. तिचं खरं नाव कोन्सुएलो. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ सांत्वन. स्लायगोने पहिल्या आठवड्यातच त्याचं कोनी करून टाकलं आणि तिने ते मुकाट्याने घेतलं. सांत्वन मात्र तिला अजिबात जमायचं नाही. समोरच्याचे डोळे भरून आले की ती त्याच्या हातात काहीतरी काम द्यायची. त्या पहिल्या रविवारी मी तिच्याकडे गेले तेव्हा पुण्याला फोन करून आले होते. इराला ताप होता आणि ती फोनवर यायला तयार नव्हती. कोनीने माझ्याकडे एकदा पाहिलं, टेबलावर शिजवलेल्या मक्याच्या दाण्यांचं पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "रडायचं तर रड. हात चालू ठेव."

काम असं होतं. मक्याचा दाणा कणसाला जिथे चिकटलेला असतो, तिथे त्याला एक टणक टोपी असते. ती नखाने उपटून काढायची, एकेका दाण्याची. ती काढली तरच दाणा शिजताना फुलासारखा उमलतो. ठेवली तर नुसता फुगून बसतो. अशा दाण्यांबरोबर डुकराचं डोकं आणि पाय पाच-सहा तास शिजवायचे, त्यात लाल मिरचीचं वाटण घालायचं, आणि वर कच्चा कोबी, मुळा, कांदा, लिंबू. तिच्या गावाकडे याला पोसोले म्हणतात. लग्नाला, बारशाला, मयतालाही हेच. दोन तास मी दाणे सोलत होते. माझं रडणं पहिल्या वाटीतच संपलं.

स्लायगोत हे करणं म्हणजे खटाटोप होता. मका मिळायचा तो कबुतरांच्या खाद्याचा, पिवळा, पोत्यात. दुकानदाराकडून तिने दोनदा वदवून घेतलं होतं की त्याला कसलंही औषध लावलेलं नाही. मिरच्या मी डब्लिनच्या भारतीय दुकानातून आणून दिल्या. ब्याडगीची पुडी तिने फोडली, वास घेतला, एक मिरची दुमडून पाहिली आणि कौतुकाने मान हलवली. तिखटपणा कमी आणि रंग गडद, तिला हवी तशीच. अडलं होतं ते चुन्यापाशी. मक्याचं साल निघायला तो चुन्याच्या पाण्यात उकळावा लागतो, आणि तिने शिकागोहून आणलेला खायचा चुना संपला होता. तिचा नवरा मॅटी भिंतींना गिलावा करण्याचं काम करायचा, त्याच्याकडे चुन्याची पोती होती. पण ती हे करणार हे ओळखून त्याने पोती गाडीत टाकून गाडीची चावी खिशात ठेवली होती. मॅटी फार कमी बोलायचा. कशालाही त्याचं उत्तर "ग्रँड", म्हणजे छान, असायचं, आणि कोनी त्यावर चिडायची. त्या एका बाबतीत मात्र तो म्हणाला होता, घराला लावायची वस्तू पोटात जाणार नाही. म्हणून कोनीने खाण्याचा सोडा घातला होता. दाणे मऊ झाले पण सालं अर्धी राहिली. मला ते फार आवडलं. मी दोन वाट्या खाल्ल्या. तिने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "हे पोसोले नाही. भूक लागली होती म्हणून तुला चांगलं लागलं."

त्यानंतर मी मोकळ्या रविवारी तिच्याकडे जाऊ लागले. ती मला नावाने कधी हाक मारत नसे. दोक्तोरा म्हणायची, आणि मग भांडी घासायला लावायची. तिला 'नंतर' या शब्दाचा राग होता. मी सहज म्हटलं, कप नंतर विसळते, तर म्हणायची, "नंतर मला सांगू नकोस. नंतर मला चांगलं माहीत आहे." त्यामागे काय आहे ते मला बरेच दिवस कळलं नाही.

कळलं ते फेब्रुवारीत. बोलता बोलता मी तिला आमचा बेत सांगत होते. परीक्षा, मग कायमची नोकरी, मग डब्लिनला घर, मग इरा. ती कांदा चिरत ऐकत होती. मध्येच तिने विचारलं, मुलीला सोडून आलीस तेव्हा तिला दात किती होते?

मी म्हटलं, "सोळा. मागच्या चार दाढा यायच्या होत्या."

"आणि आता?"

"वीस असणार."

"असणार," ती म्हणाली.

मी लहान मुलांची डॉक्टर. कोणत्या वयाला किती दात ते मला पाठ होतं, आणि मी ते उत्तर पुस्तकातून दिलं होतं. मग तिने सुरी बाजूला ठेवून तिची हकीकत सांगितली. तिलाही एक मुलगी होती, मारिसोल. नवरा आधीच कुठेतरी निघून गेलेला. मारिसोल चार वर्षांची असताना कोनी तिला आपल्या आईकडे ठेवून सरहद्द ओलांडून शिकागोला गेली. कागदपत्रं नव्हती. दोन वर्षं काम करायचं आणि परत यायचं असं ठरलं होतं. पण एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत येता येईल याची खात्री नव्हती, आणि गावाकडचं घर तिच्या कमाईवर चाललेलं. दोनाची चार झाली, चाराची अकरा झाली. शिकागोतल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये ती मक्याच्या पोळ्या लाटायची. तिथे मागच्या दाराशी जेवायला येणाऱ्या आयरिश बांधकाम मजुरांत मॅटी होता, तोही बिनकागदांचाच. दोघांनी लग्न केलं. आयर्लंडमध्ये कामं निघाली आहेत असं कळल्यावर ते निघाले, आणि आधी मेक्सिकोला मुलीला घ्यायला गेले.

मारिसोल तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती मागच्या खोलीत गेली आणि आई घरात होती ते बारा दिवस बाहेर आली नाही. कोनी दाराशी बसून राहायची. हाका मारायची, रडायची, शिकागोहून आणलेले कपडे दारातून दाखवायची. शेवटच्या दिवशी तिने पोसोले केलं आणि वाटी दाराशी ठेवली. थोड्या वेळाने आतून मुलीचा आवाज आला, आजीला उद्देशून. "त्या बाईला सांग, मीठ कमी आहे."

"बारा दिवसांत तेवढंच," कोनी म्हणाली. "तेही मला नाही, माझ्या आईला."

दर रविवारी ती फोनकार्ड घेऊन मेक्सिकोला फोन करायची. आई बोलायची. मुलगी घरात असायची, पण फोनवर येत नसे.

मला खूप राग आला. तो तिच्या नशिबाचा यायला हवा होता, पण आला तिचाच. मी म्हटलं, माझी गोष्ट वेगळी आहे. माझ्याकडे व्हिसा आहे, मी वर्षातून एकदा जाऊ शकते, आणि हे दोनच वर्षांसाठी आहे. ती म्हणाली, "मीही दोनच म्हटलं होतं." मी कोट घातला आणि निघाले. नंतर तीन आठवडे मी तिच्याकडे गेले नाही. इस्पितळाच्या जेवणघरात ती पलीकडे वाढायला दिसली की मी सँडविच घेऊन वर जायचे.

चौथ्या रविवारी मी पुण्याला फोन केला. सासूबाईंनी नेहमीप्रमाणे रिसीव्हर इराच्या कानाला लावला आणि म्हणाल्या, आईशी बोल. मी तिला काय जेवलीस, कुठे खेळलीस असं विचारत राहिले. मग तिने अगदी सरळ आवाजात, जशी ती बसमधल्या बाईला विचारेल तसं, मला विचारलं, "तू कोणाची आई?"

मागे सासूबाई हसल्या. त्यांनी ते हसण्यावारी नेलं ते माझ्यासाठी, हे मला कळत होतं. फोन ठेवल्यावर मी समीरला फोन केला. तो म्हणाला की मागच्या आठवड्यात त्याला तिने काका म्हटलं होतं, आणि त्याने मला ते सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी थेट किचनमध्ये गेले. कोनी ट्रे रचत होती. मी म्हटलं, इराला आणायचं आहे, पण माझ्या ड्यूट्या अशा, समीर तिकडे, मला कसं जमेल कळत नाही. मी आले नव्हते त्याबद्दल तिने काही विचारलं नाही. ट्रे रचत रचतच म्हणाली, "दोनला माझं काम सुटतं. दोननंतर ती माझ्याकडे. बाकीचं तुम्ही बघा."

बाकीचं आम्ही बघितलं. सासूबाई इराला घेऊन तीन महिन्यांसाठी आल्या. समीरने शुक्रवारचं काम घरून करायची परवानगी मिळवली. एप्रिलमध्ये आम्ही दोघं डब्लिनच्या विमानतळावर उभे होतो. इरा आली ती सासूबाईंच्या साडीचा पदर मुठीत धरून. मी खाली बसले, हात पुढे केले. ती पदराच्या मागे गेली.

पुढचे आठ दिवस ती माझ्याकडे आली नाही. मी जवळ गेले की ती आजीला चिकटायची. मी खेळणी आणली, तिच्या आवडीचा शिरा केला, गाणी म्हटली. एकदा जबरदस्तीने उचलून घेतलं तर अशी रडली की शेजारची म्हातारी चौकशीला आली. इस्पितळात माझ्या कडेवर कुठलंही मूल शांत व्हायचं. माझी स्वतःची मुलगी व्हायची नाही. नवव्या दिवशी रविवार होता. मी सगळ्यांना घेऊन कोनीकडे गेले आणि दारातच तिला सांगितलं की माझं चुकलंच, फार उशीर झाला.

तिने माझ्या हातात पातेलं दिलं. "तिच्याकडे बघू नकोस," ती म्हणाली. "मी बारा दिवस बघत बसले. बघणाऱ्याकडे कोण येतं? तू काम कर."

मी खिडकीकडे तोंड करून दाणे सोलायला बसले. पाठीमागे काय चाललंय ते फक्त ऐकू येत होतं. सासूबाईंनी जेवणानंतरचा पानाचा डबा काढला होता, आणि तेवढ्यात कोनीचा आवाज आला, इतका मोठा की मॅटीही बागेतून आत आला. चुन्याची डबी तिने उचलली होती. ती बोटाने चाटून बघत होती, वास घेत होती. सासूबाईंना इंग्रजी बेताचं आणि कोनीचं इंग्रजी त्यांना अजिबात कळत नसे; त्यांना वाटलं हिला पान हवंय, म्हणून त्या पान लावायला लागल्या. मी मागे वळून समजावणार होते, पण मला बघू नकोस म्हणून सांगितलेलं, म्हणून तशीच बसले आणि खिडकीलाच सांगितलं की तिला फक्त चुना हवाय, मक्याला. सासूबाई म्हणाल्या, "एवढंच ना? घेऊ दे की. बॅगेत अजून दोन डब्या आहेत."

या गडबडीत कोणीतरी माझ्या कोपराशी येऊन उभं राहिलं. मी मान वळवली नाही. एक लहान हात पातेल्यात गेला, एक दाणा उचलला गेला. बराच वेळ खटपट झाली. मग तो दाणा माझ्या तोंडासमोर आला. टोपी निघाली नव्हती. मी ती नखाने काढून दाखवली. इराने दुसरा दाणा घेतला. असे सात-आठ दाणे झाल्यावर तिला उभं राहून कंटाळा आला असावा. ती माझ्या मांडीवर चढून बसली, जशी रोजच बसत असेल तशी, आणि पुढचा दाणा मागितला. मी दिला. माझे स्वतःचे हात थांबले होते. मागून कोनी म्हणाली, "हात चालू ठेव, दोक्तोरा."

पुढच्या रविवारी कोनीने सासूबाईंच्या चुन्यात मका उकळला. पाणी पिवळंधमक झालं, सालं हातात निघून आली. मांस घालायच्या आधी तिने सासूबाईंसाठी थोडे दाणे मिरचीच्या रश्शात वेगळे काढले. सासूबाईंनी खाऊन पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, या तर घुगऱ्या." आणि पुन्हा घेतले. कोनीने स्वतःची वाटी संपवली, दुसरी घेतली, तीही संपवली. मॅटी म्हणाला, ग्रँड. या वेळी ती त्याच्यावर चिडली नाही.

इरा त्यानंतर कोनीकडेच वाढली म्हटलं तरी चालेल. दुपारी दोन ते मी येईपर्यंत ती तिच्या स्वयंपाकघरात असायची. वर्षभरात तिचं बोलणं असं झालं की माझ्याशी इंग्रजी, तेही स्लायगोचं. आजीशी फोनवर मोडकं मराठी. आणि कोनीला काही हवं असलं की स्पॅनिश. मी परीक्षा पास झाले. आमची गाडी रुळावर आली, आणि कोनीचे रविवारचे फोन तसेच चालू होते.

दोन हजार चारच्या वसंतात मेक्सिकोला तिची आई वारली. हे सांगायला मारिसोलने फोन केला. आजवर तिने स्वतःहून फोन केला नव्हता. अंत्यविधी दुसऱ्या दिवशी होता; पोचणं शक्यच नव्हतं. कोनी दुसऱ्या दिवशी कामावर आली, ट्रे रचले, आणि मला एवढंच म्हणाली की आई गेली आणि मुलीचा आवाज बाईसारखा झालाय. त्यानंतर रविवारचा फोन उचलायला घरात दुसरं कोणी नव्हतं. मारिसोलला तो उचलावा लागायचा. आधी एक मिनिट, मग तीन. काय बोलता, असं मी विचारलं तर कोनी म्हणायची, हवा. पाऊस पडला का, एवढंच. ऑक्टोबरमध्ये मारिसोल म्हणाली की तिला दोन आठवडे सुट्टी आहे आणि तिने तिकीट काढलंय.

विमान न्यूयॉर्कवरून शॅननच्या विमानतळावर यायचं होतं. मॅटीने गाडी काढली आणि कोनीने मला बरोबर घेतलं. काही अडलं तर डॉक्टर बरी, असं तिचं म्हणणं. विमान उतरलं, लोक आले, त्यांना घ्यायला आलेले लोक गेले. मारिसोल आली नाही. तासभर झाला. मॅटी दारापासून कॉफीच्या यंत्रापर्यंत फेऱ्या घालत होता. कोनी मांडीवर पर्स धरून बसून होती. मला वाटलं, ती विमानात बसलीच नसेल. आणि कोनीलाही तेच वाटत होतं हे तिच्याकडे न बघता कळत होतं.

मग इमिग्रेशनचा एक अधिकारी बाहेर आला. वयस्क, मऊ बोलणारा. त्याने विचारलं, कोन्सुएलो नावाच्या कोणी बाई आहेत का? आत एक मुलगी आहे, कागद सगळे ठीक आहेत, पण कोणाकडे आलीस म्हटलं की ती एवढं नाव सांगते आणि नातं विचारलं की गप्प बसते.

कोनी उभी राहिली. "मी तिची आई," ती म्हणाली. तो म्हणाला, बरं, मग तसं लिहितो. आणि दहा मिनिटांनी मारिसोल बाहेर आली. आईपेक्षा वीतभर उंच, पाठीवर पिशवी, डोळ्यांखाली काळं. तिने हात पुढे केला. कोनीने तो हातात घेतला आणि मिठी मारायचा प्रयत्न केला नाही. परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर मारिसोल माझ्या खांद्यावर झोपून गेली. कोनी पुढे बसली होती. वाटेत एकदाच तिने मागे वळून विचारलं, तिची मान अवघडत नाही ना? मी म्हटलं, नाही.

स्पॅनिशमध्येही आपल्यासारखं तू आणि तुम्ही असतं. मारिसोल आजीला तू म्हणायची, गावात सगळ्यांना तू म्हणायची. आईला मात्र तुम्ही. तुम्ही बसा, तुम्ही राहू द्या, तुम्हाला त्रास नको. चार दिवस हेच चाललं. पोरीचं वागणं नीटनेटकं, ती ताट स्वतः उचलायची, अंथरुणाची घडी घालायची, आणि कोनी रोज जास्त खचत होती. शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, असं ती मला म्हणाली. पाचव्या दिवशी तिने पोसोले करायला घेतलं.

सहाव्या दिवशी सकाळी मी वॉर्डात राउंडवर होते. दाराशी कोनी येऊन उभी राहिली, हातात ट्रे नाही, काही नाही. ती कधी वॉर्डात येत नसे. मी बाहेर गेले. ती म्हणाली, "तिने मला तू म्हटलं."

झालं होतं असं, की कोनीने नेहमीपेक्षा जास्त चुना घातला होता. या दिवसासाठी दाणे पांढरे व्हावेत म्हणून. मारिसोल पाणी प्यायला आली, तिने पातेल्यात डोकावून बघितलं, हात घालून दाणा चोळला, चाखला आणि ती भडकली. एवढा चुना कोण घालतं, सगळं कडू करून ठेवलंस, आजीने तुला काही शिकवलं नाही का? पातेलं तिने उचलून सिंकमध्ये ओतलं आणि दाणे सात पाण्यांनी धुतले, आणि धुता धुता पाठमोरी बोलत राहिली. आधी चुन्याबद्दल. मग बाकीचं सगळं; शाळेच्या पहिल्या दिवसाबद्दल, आजारपणांबद्दल, अकरा वर्षांबद्दल. त्या सगळ्यात एकदाही तुम्ही आलं नाही.

"तू काय केलंस?" मी विचारलं.

"मी टोप्या काढत होते," कोनी म्हणाली. "मी तिच्याकडे बघितलं नाही. सगळं ऐकलं." आणि वॉर्डाच्या भिंतीला टेकून ती रडली. माझ्याकडे तिला द्यायला काहीच काम नव्हतं, म्हणून मी नुसती शेजारी उभी राहिले.

रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं ते मारिसोलने. पोसोले तिने केलं होतं. रस्सा कोनीच्यापेक्षा पातळ, आणि दाणे असे उमललेले की मी कधी पाहिले नव्हते. कोनीने वाटी संपवली. मग म्हणाली, माझ्या आईच्या हातची चव आहे. मारिसोलने तिच्या वाटीत आणखी वाढलं.

दोन आठवड्यांसाठी आलेली मारिसोल त्या वेळी सहा आठवडे राहिली. पुढच्या वर्षी इंग्रजी शिकण्याच्या व्हिसावर परत आली आणि मग स्लायगोतच राहिली. सगळं काही गोड झालं असं नाही. दोघींची भांडणं मी ऐकली आहेत. एकदा मारिसोल तीन दिवस मैत्रिणीकडे राहायला गेली होती. पण ती चौथ्या दिवशी आली.

दोन हजार सहामध्ये मला डब्लिनला नोकरी मिळाली आणि आम्ही सगळे स्वोर्ड्सला एका घरात आलो. निघताना कोनीने खोकी गाडीत भरायला हात लावला, प्रेसमधली, म्हणजे कपाटातली, भांडी स्वतः कागदात गुंडाळली, इराचे केस विंचरले. मी निरोपाचं काही बोलायला लागले तर म्हणाली, गाडी आधी उजवीकडून भर, नाहीतर मागचं दिसणार नाही.

वर्षभराने, एका बुधवारी सुट्टी होती म्हणून, मी स्वोर्ड्सला पहिल्यांदा एकटीने पोसोले करायला घेतलं. मका, चुना, मिरची, सगळं कोनीसारखं. चार तास झाले तरी दाणे उमलेनात. मी स्लायगोला फोन लावला. मारिसोलने उचलला. मी म्हटलं, कोनी आहे का?

"आई झोपली आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "इथेच, सोफ्यावर. उठवू का?"

मी म्हटलं, नको, झोपू दे. मग मी तिलाच दाण्यांचं विचारलं. तिने आच किती आहे ते विचारलं, झाकण आहे का ते विचारलं, आणि म्हणाली, अजून एक तास ठेवा, मीठ आत्ता घालू नका. हे सगळं ती कुजबुजत सांगत होती. माझ्या घरात कोणीच झोपलेलं नव्हतं, तरी मीही तिच्याशी कुजबुजतच बोलले.